अमावस्येचं ऑईल

मी ब्रेकचा पॅड बोलतोय, पुढच्या उजव्या चाकातला. ऐकण्याआधी जरा माझा वास घ्या. जळक्या ऑईलचा येतोय ना? तो माझा नाही. माझ्या डोक्यावर जे खापर फुटलं तेही माझं नव्हतं, आणि तेवढं सांगितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

पोलादाच्या पट्टीवर दाबून भाजलेला एक करडा थर, तळहातात मावेल एवढा. तो मी. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं माझा जोडीदार तिला आवळून धरतो, आणि गाडी थांबते. दर वेळी मी थोडा झिजतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जन्मच त्यासाठी आहे.

सणसरच्या विजयसिंहांनी ही काळी, उंच, आलिशान गाडी घेतली तेव्हा बघायला निम्मं गाव लोटलं होतं. लोक सीटवर हात फिरवत, काचेचं छप्पर उघडून मिटून बघत. आम्हाला कोण विचारतो? पण चालवायला रामहरी होता, हे माझं नशीब. अठरा वर्षं त्या घरचा ड्रायव्हर. आधी ट्रॅक्टर, मग जीप, आता ही. त्याचा पाय मला कळायचा. गतिरोधक यायच्या कितीतरी आधी तो हलकेच दाब द्यायचा, मला कधी दचकवलं नाही त्यानं.

आमच्याकडे वाकून बघणारं माणूस एकच, विजयसिंहांचे वडील गेणबा तात्या. त्यांच्या विहिरीचं पाणी खारं, त्यानं धुतलेला पत्रा दोन वर्षांत सडतो. म्हणून तात्या दर अमावस्येला पाठीवरच्या जुन्या फवारणी पंपात इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल भरत आणि अंगणातल्या प्रत्येक लोखंडाला मारत. ट्रॉलीच्या स्प्रिंगचे पाटे, फाटकाच्या बिजागऱ्या, जीपचा तळ, काही सुटायचं नाही. नवी गाडी आल्यावर तर गोणपाट टाकून आडवेच झाले आणि चाकांच्या आतपर्यंत फवारा मारला. मायेनं मारला, नाही म्हणत नाही. पण जीपचे ब्रेक बंद डब्यात असतात आणि मी पडलो उघडा. ऑईल माझ्या अंगात मुरलं.

पुढं काय झालं ते वाटेवरच्या पिंपळी गावातल्या लोकांनी पाहिलंय. विजयसिंहांची मुलगी संस्कृती कॉलेजातून परत येत होती. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. रामहरीनं लांबूनच ब्रेक दाबला. मी जीव खाऊन आवळलं, पण तेलकट डिस्क माझ्या हातातून निसटत राहिली. गाडीचं नाक मागच्या ट्रॉलीतल्या उसात घुसलं. काच तडकली, पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलं. आणखी थोडा वेग असता तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही.

विजयसिंह तासाभरात आले. शेजारच्या पेट्रोल पंपावर माणसं जमली होती. त्यांच्यासमोर त्यांनी रामहरीच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

"अठरा वर्षं झाली, अजून पाय कुठं ठेवायचा कळंना? जा घरी!"

"दादा, म्या लांबनंच दाबला व्हता. गाडीच थांबंना."

"एवढी भारी गाडी थांबंना व्हय? लोकांना सांग जा!"

रामहरी मान खाली घालून चालत निघाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पॅडला तोंड नाही, तळपायही नाही.

मग सुरू झाली तपासणी. शोरूमवाल्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला. त्यात काहीच दोष दिसेना. एकानं चाक न काढता फटीतून बॅटरी मारून माझी जाडी बघितली, म्हणाला, भरपूर आहे. ब्रेकचं तेल बदललं, गाडी धुऊन पुसून दिली, आणि कागदावर लिहिलं, चालकाची सवय चुकीची! मला हात लावला असता तर बोटाला काळं लागलं असतं हो!

घरी कौसल्याबाईंनी, म्हणजे विजयसिंहांच्या आईनं, वेगळंच निदान केलं. रामहरीनं मागं एकदा म्हटलेलं त्यांच्या लक्षात होतं की अमावस्या झाली की ब्रेक कच खातो. "कुणीतरी करणी केलीया," त्या म्हणाल्या, आणि गाडीला लिंबू-मिरची बांधली. माझी पकड घालवायला ऑईल आणि गाडी वाचवायला लिंबू!

शेवटी गाडी बारामतीच्या कुंडलिक मिस्त्रींकडे गेली. त्यांनी आधी विचारलं, "रोज कोण चालवतं? त्याला बोलवा." रामहरी आला, पण उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"जास्त कवा व्हतं?"

"अमावस्या झाली की चार-आठ दिस. मग जरा बरं वाटतं."

"अमावस्येला गाडीचं काय करता तुमी?"

"काय न्हाय. तात्या ऑईल मारत्यात तेवढं."

मिस्त्रींनी चाक उतरवलं, मला बाहेर काढलं आणि नाकाशी धरलं. मग मला विजयसिंहांच्या हातात दिलं. त्यांनीही वास घेतला. आणि काय बोलले माहीत आहे? "तात्यांचं नाव नको. पॅडच डुप्लिकेट निघाले म्हणून सांगू." मग रामहरीपुढं किल्ली धरली. "घे. झालं गेलं विसर."

रामहरीनं हात पुढं केला नाही.

"दादा, चारचौघांत काढून घेतली, चारचौघांत द्या. न्हायतर राहू द्या."

तो निघून गेला. मी डिक्कीत पडलो, डुप्लिकेट म्हणून.

दुसऱ्या दिवशी पेंडेची पोती उतरवायला तात्यांनी डिक्की उघडली. मी हाताला लागलो. वास कशाचा ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "इजय, ह्ये काय?" त्यांनी विचारलं. विजयसिंहांनी डुप्लिकेट पॅडची गोष्ट सांगायला घेतली, पण म्हाताऱ्याला वासावरूनच सगळं कळलं होतं. संस्कृतीच्या कपाळाकडे बघून त्यांनी रामहरी काय म्हणाला ते विचारून घेतलं आणि गाडीची किल्ली मागून घेतली.

पुढच्या सकाळी दूध घालायची वेळ. डेअरीवर कॅन घेऊन गाव उभं. तात्यांनी मला वजनकाट्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "घ्या वास. ह्यो माज्या पंपाचा हाय. रामहरीची चूक न्हवती, पॅडबी डुप्लिकेट न्हवता. माजी नात म्या मारली असती." मग रांगेतल्या रामहरीकडे गेले आणि दोन्ही हातांनी किल्ली पुढं केली.  रामहरीनं घाईघाईनं कॅन खाली ठेवून ते हातच धरले. विजयसिंह मागं उभे होते. त्यांना माफी मागायला तीन दिवस लागले, पण मागितली, आणि पिंपळीच्या त्याच पेट्रोल पंपावर, माणसांसमोर मागितली.

आता गाडीत नवे पॅड आहेत. मी गोठ्याच्या खिडकीत पडून आहे. परवा अमावस्या झाली. तात्या पंप घेऊन निघाले, फाटकाला मारलं, ट्रॉलीला मारलं, आणि गाडीपाशी येऊन थांबले.

"रामहरी, हितं?"

"हितं न्हाय, तात्या."

तात्यांनी मान डोलावली आणि पुढं गेले. एवढंच विचारायचं होतं हो, पहिल्याच अमावस्येला. आता मला खुशाल भंगारात टाका. फक्त देताना सांगा, पॅड अस्सल होता.