घरचं केळं

वैजयंतीनं टेबलावर तीन वाट्या मांडल्या, लहान, मधली आणि मोठी, आणि समोर बसलेल्या बाईला विचारलं,

"मावशी, काल दुपारी वरण यातल्या कुठल्या वाटीनं घेतलं?"

मालूबाईनं मधल्या वाटीवर बोट ठेवलं. "ही. पण भरून नई हां. डॉक्टरनं सांगलं म्हणून अर्धीच."

"आणि भाकरी?"

"एक. तीबी बिनमिठाची. काय चव नई वं माय, माती खाल्ल्यावानी लागते."

वैजयंती लिहीत गेली. तोंडावर मास्क, अंगात पांढरा कोट. मालूबाईनं तिला ओळखलं नव्हतं, आणि ओळखणार तरी कशी? सहा वर्षांपूर्वी फोपनारच्या मांडवात नवरीमागे उभी असलेली अकरावीतली पोर कोण लक्षात ठेवतं! वैजयंतीनं मात्र फाइलवरचं नाव वाचताक्षणी ओळखलं होतं. मालूबाई, फोपनार, वय एकसष्ट, दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

आहारशास्त्राच्या पदवीला शेवटच्या वर्षी दवाखान्यात बसून तीस रुग्णांच्या केसेस लिहाव्या लागतात. कोणी काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं, घासाघासाचं विचारायचं आणि त्यावरून पुढचा आहार ठरवायचा. तिच्या एकोणतीस झाल्या होत्या. तिसावी केस देवानं आपण होऊन आणून समोर बसवली होती.

वैजयंतीची थोरली बहीण निशाताई याच बाईची सून होती. दिवस गेले तसं मालूबाईनं तिचं ताट आपल्या हातात घेतलं. अर्धी भाकर, पळीभर वरण. दूध बंद, केळं तर नावालाही नाही. पहिलटकरणीनं पोटभर खाल्लं की बाळ मोठं होतं आणि अडतं, हे त्या घरातलं ब्रह्मवाक्य. ओसरीवर केळ्यांचे घड हारीनं टेकलेले आणि निशाताई त्यांच्या कडेनं झाडू फिरवत उपाशी! तपासणीला नेलं तेव्हा नर्सनं विचारलं, काय खातेस? उत्तर सासूनंच दिलं, "सगळं खाते." नर्सनं सगळं खाते असं लिहून टाकलं. मुलगी झाली ती दीड किलोची, नऊ दिवस जगली. पुढं हर्षलशी फारकत झाली. निशाताई आता बुरहानपुरात माहेरी राहते, मुलांच्या शिकवण्या घेते आणि जेवायला बसली की अजूनही अर्धी भाकर मोडून ठेवते.

"पोरगी स्वयंपाक शिकायला कॉलेजात जाते म्हणे," असं नातेवाईक हसत होते, तेव्हा वैजयंती पुस्तक उघडून बसायची. पांडुरोगाच्या धड्याच्या समासात तिनं निशाताईचं हिमोग्लोबिन लिहून ठेवलं होतं, सहा पूर्णांक दोन. चार वर्षांत पुस्तकं बदलली, पण प्रत्येक नव्या पुस्तकात तो आकडा तिनं पुन्हा लिहिला. ही बाई एक दिवस आपल्या हाती सापडावी, एवढं एकच मागणं तिनं इच्छापूरच्या देवीकडे केलं होतं.

आणि सापडली होती. रक्ताचा रिपोर्ट फाइलीतच होता. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ, पाचाच्या आत हवं ते. डायलिसिस करून उतरवायचं आणि तीन दिवसांत पुन्हा वर. डॉक्टर वैतागले होते. "फळं बंद केली, नारळपाणी बंद केलं, तरी हे येतंय कुठून? नीट खोदून विचार," असं सांगून ते राउंडला गेले होते.

"फळं वगैरे?" वैजयंतीनं विचारलं.

"छे वं! सहा महिने झाले, सफरचंद, मोसंबी, कायलेच हात नई लावला. देवीची शपथ."

वैजयंतीचा पेन थांबला.

बाई खोटं बोलत नव्हती. फोपनारच्या माणसाला फळ म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना विकत घेतात ते. केळं कुठं फळ असतं? केळं म्हणजे माल. शेतात जाता-येता, चहाबरोबर, बोलता बोलता ते तोंडात जातं आणि खाल्लं म्हणून कोणाच्या मोजणीतही येत नाही; पोटॅशियम मात्र रक्तात उतरतं. इंदूरहून आलेल्या डॉक्टरांना हे सात जन्मांत कळलं नसतं. तिच्या मॅडम भोपाळच्या, त्यांनाही नाही. या इमारतीत ते एकट्या वैजयंतीला ठाऊक होतं.

कागदावर शेवटचा रकाना होता, 'इतर'. तो कोरा सोडला की झालं. काय खाता म्हणून विचारलं होतं, बाईनं देवीची शपथ घेऊन सांगितलं होतं. पोटॅशियम असंच चढत राहिलं असतं आणि एखाद्या सकाळी काळीज थांबलं असतं. वैजयंतीकडे कोणी बोटसुद्धा दाखवलं नसतं. त्या नर्सकडे कुठं कोणी दाखवलं होतं?

तिनं पेनाला टोपण घातलं.

"झालं मावशी. निघा तुम्ही."

मालूबाई टेबलाला धरून उठली आणि मागं उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली, "चल, पिशी घे."

वैजयंतीनं तिच्याकडे आत्ता नीट पाहिलं. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभीच होती, शेजारची खुर्ची रिकामी असून. कपड्यांची जड पिशवी खांद्याला, साडीखाली पोट वर आलेलं, मनगटं काड्यांसारखी. पापणीच्या आतली कड पार पांढरी.

"ही कोण?"

"रुपाली. आमच्या हर्षलची. सहावा चालू ए."

"काय खातेस गं?" वैजयंतीनं तिला विचारलं.

"खाते बराबर," मालूबाई म्हणाली. "सगळं खाते. तसं पहिलटकरणीले मी जास्ती देत नई. बाळ अडतं मंग."

काही म्हणजे काही शिकली नव्हती ही बाई! आणि हिला झोपेत सुखानं जाऊ द्यायचं? इतक्या स्वस्तात? मरून सुटली असती म्हातारी, वर तेराव्याला लोक म्हणाले असते, फार मायाळू होती.

"बसा," ती म्हणाली. "मावशी, बसा परत."

तिनं टोपण काढलं.

"दिवसाला केळी किती खाता?"

"केळी?" मालूबाई हसली. "आता ते काय मोजतं का कोणी? घरचं ए. पाच, सहा. डायलिसिसनंतर थकवा येतो तं दोन पिशीत आणते. हिच्याजवळ आहेत ना."

वैजयंतीनं 'इतर'च्या रकान्यात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"त्या केळ्यांनी तुम्ही मरणार होता. आजपासून बंद. एक नाही, अर्धं नाही, चतकोर नाही. केळफुलाची भाजी नाही, वेफर्स नाहीत."

मालूबाईचा चेहरा उतरला. "अवं, पण घरात घडच्या घड पडेल असतात. डोळ्यासमोर ठेवून उपाशी राहू का मी?"

"हो," वैजयंती म्हणाली आणि मास्क काढला. "निशाताई राहिली होती तशी."

मालूबाई पाहत राहिली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. पदर सावरायला उचललेला हात गळ्यापाशीच थांबला.

"तू... निशाची..."

"धाकटी बहीण. आणि तुमचा जीव आता माझ्या कागदावर आहे. दर आठवड्याला इथं यायचं. ताट हिनं वाढायचं, मापानं, मी लिहून देईन तेवढंच. चोरून खाल्लं तर रक्तात दिसतं, मला कळेल."

मालूबाई भिंत धरत बाहेर गेली आणि बाकावर बसली. हर्षल खाली औषधांच्या रांगेत होता.

वैजयंतीनं दुसरा कागद ओढला. डाळ, अंडी, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, दूध. लिहून झालं तसं म्हणाली, "हा तुझा. आज खालीच लेडी डॉक्टरला दाखव, रक्त तपासून घे. मी चिठ्ठी देते. सासूला सांग, दवाखान्याचा हुकूम आहे."

रुपालीनं दोन्ही कागद घेतले, पण हलली नाही. दाराकडे पाहून तिनं आवाज उतरवला.

"मॅडम, एक पूछू? त्यांना... गलतीनं एखादं केळं दिलं गेलं, तं?"

वैजयंतीनं मान वर केली. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीतीही नव्हती. टोपण घातलेला पेन हातात धरून दहा मिनिटांपूर्वी ती स्वतः याच प्रश्नापाशी उभी होती. आरशात पाहावं तसं तिला झालं.

"नाही," ती म्हणाली. "गलतीनंही नाही. तिला जगवायचं. पुष्कळ वर्षं."

"मंग केळी?"

"तू खा. तिच्या समोर बसून."

रुपालीनं कागद पिशवीत ठेवले. बाहेर गेली. उघड्या दारातून वैजयंतीला बाक दिसत होता. रुपाली सासूच्या शेजारी बसली, उभी राहिली नाही. पिशवीत हात घालून तिनं एक केळं काढलं आणि सावकाश सोललं. मालूबाईनं सवयीनं हात पुढं केला.

रुपालीनं पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. मालूबाईचा हात तसाच राहिला, मग मांडीवर परत गेला. तिनं मान वळवली, पण नजर पुन्हा केळ्यावर आली.

वैजयंतीनं वही उघडली. तीस केसेस पुऱ्या झाल्या होत्या. तिनं नवं पान घेतलं, वर रुपालीचं नाव लिहिलं आणि पहिल्या ओळीत नोंद केली: केळी, एक. मग पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि एक खोडून दोन केलं.