टेबलात टेबल

शहराच्या पोहण्याच्या तलावाच्या कार्यालयात एक कारकून होते. सभासदांची ओळखपत्रं, प्रशिक्षकांच्या रजा, पाण्यात हरवलेले चष्मे, सगळं त्यांच्याच खिडकीवर येई. पण त्यांच्या अभिमानाचा विषय वेगळा होता. तलावाची वेबसाइट त्यांनी चौदा वर्षांपूर्वी एक जाडजूड पुस्तक वाचून एकट्यानं बनवली होती. सगळं पान त्यांनी टेबलांवर बेतलं होतं, म्हणजे ओळी आणि रकाने आखून. डाव्या रकान्यात दुवे, मधल्यात माहिती, उजवीकडे तलावाचा फोटो. दोन गोष्टींमध्ये मोकळी जागा हवी असली की ते तिथं एक पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारं चित्र ठेवून देत. पान कसं ओळंब्यात दिसे! पाहुणे आले की चहाबरोबर ते दाखवलं जाई.

त्यांची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. बाराव्या वर्षी तिची नजर गेली होती. फोन तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा आणि त्यावर तिचं व्यवस्थित चालायचं. लोकांचे आखडलेले खांदे आणि भाऊजींची ताठ मान, दोन्ही सैल करणं आपल्याकडेच लागलंय, असं ती म्हणायची.

तिला पोहायला यायचं होतं. एका रविवारी ती दुपारच्या जेवणाला आली तेव्हा कारकुनांनी सहज विचारलं, की वेळापत्रक बघितलंस का.

"बघायला गेले होते, भाऊजी," ती म्हणाली. "पाण्यापर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात पोहून, केस वाळवून घरी आले असते."

कारकुनांना ते खरं वाटेना. तिचा फोन जुना असेल, असं ते म्हणाले. मग तिनं फोन ताटाशेजारी ठेवला, पान उघडलं आणि सगळे ऐकत बसले. फोनमधली बाई एकसुरी आवाजात सांगू लागली: टेबल, तीन ओळी, तीन रकाने. रिकामं. स्पेसर डॉट जिफ. टेबल, दोन ओळी, चार रकाने. स्पेसर डॉट जिफ. स्पेसर डॉट जिफ. टेबल.

जागा राखायला ठेवलेलं प्रत्येक न दिसणारं चित्र ती बाई नावानिशी हाक मारून सांगत होती. बायकोनं आधी पदर तोंडाला लावला, मग तो प्रयत्नही सोडला. तलावाच्या नावाखाली तुम्ही फर्निचरचं दुकान काढलंय की काय, असं तिनं विचारलं.

कारकुनांनी ताक न पिताच ताट सारलं. संध्याकाळपर्यंत ते वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. जाताना मेहुणीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खांदा दगडासारखा झालाय, उद्या इस्पितळात या, असा निरोप बहिणीकरवी पोचवला.

पण माणूस चिवट होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चौकशी सुरू केली. त्यांना कळलं, की टेबलांनी पान मांडायची पद्धत केव्हाच मागे पडली होती. आता मजकूर साधा, सरळ, वाचायच्या क्रमानं लिहायचा, आणि कुठली गोष्ट कुठं बसायची, किती अंतर सोडायचं, रंग कोणता, हे सगळं वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे स्टाइलशीटमध्ये सांगायचं. मजकुराला स्वतःच्या रूपाची काळजीच नाही. हे त्यांना आधी फार उद्धट वाटलं, मग आवडू लागलं.

तीन आठवडे ते जेवणाच्या सुट्टीत खटपट करत होते. एकदा उजवा रकाना घसरून पानाच्या तळाशी गेला आणि फोटोतला तलाव फोन नंबरावर सांडला. व्यवस्थापकांनी खिडकीशी येऊन, पाणी सोडताना निदान सूचना लावत जा, एवढंच म्हटलं. शेवटी एका शुक्रवारी सगळं जागेवर बसलं. पानात एकही टेबल उरलं नाही. औषधालाही नाही. कारकुनांनी मेहुणीला फोन करून ते अभिमानानं कळवलं.

ती गुरुवारी सकाळी सात वाजता पोचली. महिलांची वेळ म्हणून आली, आणि आत गेली तर तीस मुलं, वय वर्षं सहा ते आठ, काठावर बसून पाय आपटत होती. गुरुवारी सातला शिकाऊ मुलांचा वर्ग असे. प्रशिक्षकबाईंनी तिला परत पाठवलं नाही. तिच्या हातात फळी दिली आणि रांगेत उभं केलं. शेजारच्या मुलीनं तिला, घाबरू नका, मीपण आधी घाबरायचे, असं सांगितलं.

ओल्या केसांनी ती कारकुनांच्या खिडकीशी आली.

"भाऊजी, शिकाऊ वर्गात नाव घातलंत त्याबद्दल आभार. पाय बरे मारते म्हणाल्या बाई."

कारकुनांना काही उमगेना. तिनं पुन्हा फोन पुढं केला. फोनमधली बाई वाचू लागली: सोमवार, मंगळवार, बुधवार, असे सातही वार एका दमात. मग सहा, सात, आठ. मग महिला, शिकाऊ, सर्वांसाठी, महिला. कोण कुठल्या वारी, किती वाजता, याचा पत्ता नाही; गुरुवार सात तिनं अंदाजानंच धरलं होतं. टेबलांवरच्या रागात कारकुनांनी वेळापत्रकाचंही टेबल मोडलं होतं आणि नुसत्या चौकटी स्टाइलशीटनं शेजारी शेजारी बसवल्या होत्या. डोळ्यांना तो तक्ता दिसायचा. आत तो तक्ता नव्हताच.

"पण तूच म्हणालीस ना, टेबलं नकोत म्हणून?"

"मी म्हटलं पान टेबलांचं नको. वेळापत्रक हे टेबलच असतं, भाऊजी. त्याला नाही म्हणणारी मी कोण?"

कारकुनांना स्वतःलाच हसू आलं. खुर्ची ओढून त्यांनी तिला आत बसवलं, टॉवेल दिला, आणि तिच्यासमोरच वेळापत्रक पुन्हा टेबलात घातलं. या वेळी प्रत्येक रकान्याला वाराचं आणि प्रत्येक ओळीला वेळेचं शीर्षक दिलं, कुठल्या चौकटीचं कोण हे फोनला कळावं म्हणून. तासभर लागला. दरम्यान दोन सभासद ओळखपत्रासाठी येऊन थांबले. मेहुणीनंच त्यांना, साहेब जरा टेबल ठोकतायत, असं सांगून बसवलं.

मग तिनं पान उघडलं आणि एका चौकटीवर बोट टेकवलं. मंगळवार, सात वाजता, महिला, बाई म्हणाली. बोट सरकलं. बुधवार, सात वाजता, सर्वांसाठी.

मेहुणीनं आठवडाभराचं वेळापत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, आणि कारकूनही तिच्याबरोबर ऐकत राहिले, स्वतः चौदा वर्षं रोज बघितलेलं.

मंगळवारी ती आली ती थेट महिलांच्या वेळेला. गुरुवारीही येते म्हणाली. मुलांच्या वर्गातल्या त्या मुलीला तिनं शब्द दिला होता.