आधी मोटारीला फोन

समुद्रात डोंगर उभे असतात, हे सुनेनं, निकितानं, मला आधी फोटोत दाखवलं होतं. तरी प्रत्यक्ष बघितल्यावर जीव थोडा घाबराच झाला. व्हिएतनाममधल्या हालोंग नावाच्या खाडीत आमची बोट रात्रभर उभी होती. सकाळी वर डेकवर आले तर चारी अंगांनी हिरवंगार पाणी, आणि त्यातून वर निघालेले काळेकरडे कडे, अंगावर झाडी पांघरून गप्प बसलेले. कुणी म्हसरं पाण्यात बसवावीत आणि राखणारा निघून जावा, तसं वाटलं.

हे मात्र डोंगरांकडं बघत नव्हते. हात उंच करून फोनला रेंज शोधत होते. मी म्हणाले, अवो, चहा निवतोय. तर म्हणाले, रात्रभर एक दांडी न्हाय, लाईट आली असंल आता घरला, बाग सुकंल.

आमची बाग डाळिंबाची, निरवांगीला. बागेच्या खालच्या अंगाला विहीर, विहिरीला लागून ऊस. विहिरीवरच्या मोटारीला ह्यांनी फोनवरचा स्टार्टर बसवून घेतला आहे. त्या पेटीत सिमकार्ड असतं. घरबसल्या फोन लावायचा, एक दाबलं की मोटर सुरू, दोन दाबलं की बंद, आणि पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगते, मोटर चालू झाली आहे. पेटी फक्त नोंदवलेल्या नंबरचंच ऐकते, आणि नोंद एकाच नंबरची, ह्यांच्या. ह्यांचा धाकटा भाऊ गोकुळ आमच्याच शेतात राहतो, बागेचं निम्म्याहून जास्त काम त्याच्या हातचं. पण त्याचा नंबर पेटीत घालायचा विषय निघाला की हे म्हणायचे, दोघांनी दाबलं की घोटाळा व्हतो. गोकुळभाऊजी हसून सोडून द्यायचे. लागली तर ते आपले पेटीवरचं हिरवं बटन दाबून मोटर लावायचे.

ही सहल पोरांनी ठरवली. ऋषिराज पुण्याला नोकरीला, सून निकिता बारामतीची. आईआबांनी एकदा तरी विमानात बसायचं, असा तिचा हट्ट. ट्रॅव्हल कंपनीच्या माणसापुढं बसल्यावर जेवणाचं, थंडीचं मी विचारलं. ह्यांनी एकच विचारलं, तिथून स्टार्टरला फोन लागतो का. लागतो म्हटल्यावर मग कपडे शिवायला टाकले. हनोईत उतरलो त्या संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसून ह्यांनी निरवांगीची बाग भिजवली, आणि ऋषिराजला म्हणाले, बघ, जग मुठीत आलं. पोरगं हसलं. मी पण हसले. पण मनात आलं, घर सोडून आपण इतक्या लांब येतो आणि मागं एक दोरी सोडून ठेवतो, तिला इकडून हिसका दिला की तिकडं काय काय हलत असेल, हे आपल्याला दिसत नाही.

तर त्या सकाळी बोट निघाली आणि दोन कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आली. ह्यांचा चेहरा उजळला. रेंज आली होती. फोनमध्ये टिंगटिंग मेसेज पडायला लागले, तिकडं बघितलंही नाही, आधी मोटारीला फोन लावला. एक दाबलं. स्पीकरवरून बाई म्हणाली, मोटर चालू झाली आहे. मग चहाचा घोट घेतला, पाय लांब केले, आणि सावकाश मेसेज उघडले.

पहिलाच गोकुळभाऊजींचा आवाज होता.

"दादा, आज मोटर चालू करू नगा. वायरीचा जोड उघडा पडलाय, हिरीतल्या लोखंडी पायऱ्यांपशी लोंबतोय. मी उतरून टेप मारतो. मेन स्विचचा दांडा मोडलाय, त्यो पडत न्हाय, म्हणून तुमाला सांगून ठिवतो. झालं की मीच कळवतो. फिरा तुमी निवांत."

ह्यांनी कप खाली ठेवला. माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणतात, ह्यांचा राखेच्या रंगाचा झाला. घाईनं पुन्हा पेटीला फोन लावला, बंद करायला. तोवर बोट कड्याआड वळली होती. फोन लागेना. पुन्हा लावला. लागेना. रेंजच्या जागी नुसती रिकामी खूण.

ऋषिराजनं धावत जाऊन गाईडचा फोन आणला. इथल्या कंपनीचं कार्ड, त्याला रेंज होती. आधी गोकुळभाऊजींना लावला. वाजून वाजून बंद झाला. आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं की त्यांचा फोन विहिरीच्या काठावर, काढून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात असणार.

"पेटीला लाव," हे म्हणाले.

ऋषिराजनं लावला. तीच बाई, तोच गोड आवाज. हा क्रमांक नोंदलेला नाही, असं म्हणाली आणि फोन ठेवला.

राहिली झुंबर, माझी धाकटी जाऊ. ती घरी असणार, गोठ्यात नाहीतर चुलीपाशी. तिला लावला तर तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. गावात आणखी दोघातिघांना लावून बघितला, कुणीच उचलेना. तेव्हा ऋषिराज म्हणाला, काकी उचलायची नाही. दिवाळीत यानंच घरातल्या सगळ्या बायकांना बसवून शिकवलं होतं की बाहेरच्या देशाचा नंबर दिसला की उचलायचा नाही, चुकून उचलला तर बोलायचं नाही, तुमच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढून फसवतात. झुंबर हुशार. एकदा सांगितलेलं विसरत नाही. मेसेज टाकला, तोही ती उघडणार नव्हती.

डेकवर लोक आता गर्दी करायला लागले होते. एका कड्याचा आकार कोंबड्यासारखा दिसतो म्हणून सगळे त्याचे फोटो काढत होते. निकितानं माझा हात घट्ट धरला होता. मी मनात विहीर बघत होते. तिच्या कडेचा उंबर, आतल्या पायऱ्या, पाण्यावर पडलेली उन्हाची ताटली. त्या ताटलीत काय आहे ते दिसत नव्हतं.

"मी लावते," मी म्हणाले, आणि पोराच्या हातातून फोन घेतला. कापला. लावला. कापला. लावला. शेवटी तिनं उचलला, तो भांडायलाच.

"कोन हाय रं? सकाळधरनं टकुरं उठवलंय. आमच्याकडं एटीएम न्हाय न् बँक न्हाय. ठेव फोन."

"झुंबर, मी कौसल्या."

"व्हय का? आन् मी कलेक्टरीन. ताईचा नंबर हाय माझ्याकडं, तिच्या नंबरावरनं बोल."

मी शप्पथ घातली. तिच्या लेकरांची नावं घेतली. ती म्हणाली, नावं कुणी बी काढतं. तिचा अंगठा लाल खुणेवर गेलेला मला दिसत होता. आता कापलं तर पुन्हा उचलणार नाही.

मागल्या हंगामात आम्ही दोघी शेडमध्ये डाळिंबं निवडत बसलो होतो. ह्यांचं सकाळी उठून मोटारीला फोन करणं चाललेलं. तेव्हा मी एक ओवी जुळवली होती, आणि झुंबर इतकी हसली होती की तिच्या ओटीतली फळं घरंगळली. ह्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही ती पुन्हा कधी मोठ्यानं म्हटली नाही. ती ओवी तिच्यामाझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हती.

ह्यांच्या समोर, पोरासुनेच्या समोर, परक्या लोकांच्या बोटीवर मी ती म्हटली. आवाज फाटत होता तरी चाल सोडली नाही.

"सवत आणली बाई, ठिवली हिरीच्या काठाला,
तिचं नाव घेतल्याबिगर चहा लागंना ओठाला."

मग हळूच आली हाक.

"ताई?"

"झुंबर, हिरीवर पळ. लाल बटन दाब. भाऊजी आत हायत आन् मोटर चालू झालीय."

"मोटर चालू हाय, आयकू येतीय की. मला वाटलं, काम उरकलं त्यांचं, त्यांनीच..."

मग आली ती नुसती धाव. तिचा श्वास, बांगड्या, मागं लागलेलं कुत्रं, मग उसाची पात अंगाला घासल्याचा आवाज. आणि त्या सगळ्याच्या मागून हळूहळू मोठी होत जाणारी मोटारीची घरघर. इतकी वर्षं झोपेत ती घरघर ऐकली की मला बरं वाटायचं. बाग पाणी पितेय, घरादाराचं बरं चाललंय, असं वाटून मी कूस बदलायचे. आज तीच घरघर फोनमधून आली आणि माझ्या हातापायांना मुंग्या आल्या.

हे गुडघ्यावर बसून माझ्या कानाला कान लावून ऐकत होते. ह्यांच्या दाढीचे खुंट माझ्या गालाला टोचत होते. एक बाई आली आणि हातानं खूण करून म्हणाली, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. निकितानं तिला काय सांगितलं कुणास ठाऊक, ती बाई हात जोडून मागं सरली.

घरघर थांबली.

"अवो," झुंबरची हाक. विहिरीत घुमून परत आली. "अवो, आयकताय का?"

कुठं तरी पारवे फडफडले.

"अवो."

आणि मग तिनं नाव घेतलं. लग्न झाल्यापासून उखाण्यात गुंफल्याशिवाय जे नाव तिच्या ओठावर आलं नव्हतं, ते तिनं उघडंनागडं, पोटातून ओरडून घेतलं. "गोकुळ!"

विहिरीच्या तळातून, लांबून, कुणीतरी खोकलं.

"हाय... हाय मी. पायऱ्यांना हात लावू नगं."

ह्यांनी कपाळ डेकच्या फळीवर टेकलं. ते उठेनात. ऋषिराजनं खांद्याला धरून त्यांना बाकावर बसवलं.

पुढचं झुंबरनं तुटक तुटक सांगितलं. भाऊजी जोडाच्या खाली उतरले होते, तेवढ्यात मोटर लागली. उघडा जोड पायऱ्यांवर टेकलेला. त्यांनी एका पायरीला हात घातला तसे फेकले गेले, खालच्या दगडी कडेवर आदळले, आणि तिथंच भिंतीला चिकटून ओरडत राहिले. मोटारीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार. मोटर थांबल्यावर एका हातानं पायऱ्या धरत वर आलेत. डावा हात कोपरापर्यंत बधिर झालाय. बोटं हलतायत, पण आपली वाटत नाहीत म्हणतात. शेजारच्या मळ्यातला युवराज गाडी घेऊन येतोय, इंदापूरला दवाखान्यात नेतो म्हणाला.

हे म्हणाले, "फोन दे गोकुळकडं."

मी झुंबरला तसं सांगितलं. तिकडं कुजबूज झाली. मग ती म्हणाली, "ताई, ते म्हंत्यात, मागनं बोलतो. आता न्हाय."

"त्याला म्हणावं, त्याचा नंबर घाल पेटीत. माझा काढून टाक," ह्यांनी माझ्या हातातल्या फोनवर तोंड नेऊन सांगितलं. "आजच्या आज घाल म्हणावं. कसा घालायचा ते मी सांगतो."

पुन्हा कुजबूज. झुंबरचा आवाज अवघडलेला. "ते म्हंत्यात, वर आल्याबरुबर मी पेटीतलं सिमच काढलंय. बाग मी हातानं भिजवीन. तुमी डोंगार बघा."

फोन गाईडला परत दिला. त्या पोरानं आमच्याकडं बघून विचारलं, सगळं ठीक? ऋषिराज हो म्हणाला. मला ते हो खरं वाटलं नाही, पण दुसरं काय म्हणणार. भाऊजी जिवंत होते. हात शरीराला होता. एवढं धरून बसायचं.

त्या दिवशी बोट एका गुहेपाशी थांबली, लोक उतरले, होड्या घेऊन फिरले. आम्ही चौघं डेकवरच होतो. निकितानं तिकिटं परतीची लवकरची मिळतात का बघितलं. हे मधेच मला विचारायचे, "आवाज कसा व्हता त्याचा?"

"दमलेला."

थोड्या वेळानं पुन्हा. "दमलेलाच ना? रागाचा न्हवता?"

"अवो, फोनवर मला काय कळणार. तुमी त्येचं भाऊ."

दुपार कलताना बोट मोकळ्या पाण्यात आली. ह्यांच्या फोनला रेंज आली. मी बघत होते. पेटीचा नंबर सगळ्यात वर होता. त्याच्यावरून अंगठा खाली सरकला, गोकुळ नावापाशी थांबला, दाबला. फोन कानाला न लावता मांडीवर ठेवून स्पीकर चालू केला, जणू कान पुढं करायचं धाडस होत नव्हतं.

रिंग जात होती. नंबर ह्यांचाच होता, नाव दिसत असणार तिकडं. वाजून बंद झाली. ह्यांनी पुन्हा लावला. कड्यांमधून उन्हं उतरत होती, पाणी हिरव्याचं निळं होत चाललं होतं, आणि लोक म्हणत होते, बघा, बघा, किती सुंदर. मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही दोघं खाली मान घालून त्या फोनकडं बघत बसलो. रिंग जात होती.