तीन विड्यांचं पाणी

माझ्या मेहुण्यांची विडी मी सोडवली, असं आमच्या गावात अजूनही कौतुकाने सांगतात. मी ऐकून घेतो. खोडून काढायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला आजवर तोंड नव्हतं.

मेहुणे म्हणजे तुळशीराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, भामाचे यजमान. मी त्यांना भावजी म्हणतो. पनवेलच्या खाडीकाठी आमचं गाव, आणि गावची उघाडी भावजींच्या हातात. खाडीचं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून गावाने बांध घातलेला असतो. त्या बांधाला ठेवलेलं दगडी तोंड म्हणजे उघाडी. ओहोटीला तिच्या तीन फळ्या उचलायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरतीचं पाणी उंबऱ्याला लागायच्या आत फळ्या पुन्हा टाकायच्या. लवकर टाकल्या तर पावसाचं पाणी आत तुंबून भात कुजतं. उशीर झाला तर खारं पाणी शिरतं, आणि एकदा खारं शिरलं की त्या जमिनीत तीन वर्षं भाताचं नाव काढू नये.

या कामाबद्दल गाव उघाडीवाल्याला एक खाचर कसायला देतं, आणि ते उघाडीला अगदी लागून असतं. म्हणजे तो चुकला तर पहिलं मीठ त्याच्याच भातात. आमचे वाडवडील भोळे नव्हते.

वेळ मोजायला भावजींकडे विडी होती. खाडीत एक खुणेचा धोंडा आहे. पाणी त्याच्यावरून गेलं की भावजी विडी पेटवत. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. तिसरीचं थोटूक पाण्यात टाकायचं आणि फळ्या सोडायच्या. त्यांचे वडीलही असंच करत. तीन विड्यांचं पाणी, असंच गाव म्हणायचं. वीस वर्षांत भावजी एकदाही चुकले नव्हते. बाकीच्या दिवसभरात आणखी किती विड्या जळत ते भामाच जाणे.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षीची गोष्ट. आषाढ सरता सरता भावजींच्या खोकल्यातून रक्त पडलं. मी त्यांना पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. बांध चढताना ते दोनदा खाली बसले होते, एवढं मला आठवतं. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "विडी आजपासून बंद. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात यांना घेऊन येऊ नका, मला काही करता येणार नाही."

पण सोडायची कशी? मी पडलो मास्तर. पोरांचे पाढे पाठ झाले की मी पेन्सिल बक्षीस देतो, तीच अक्कल इथे चालवली. ज्या आठवड्यात एकही विडी नाही, त्या आठवड्याच्या विड्यांच्या पैशांतून रविवारी पनवेलच्या बाजारात एक वस्तू घ्यायची. शेतीची नाही, घरातली नाही, फक्त स्वतःच्या हौसेची. भामाने वर आपल्या गळ्याची शपथ घातली.

मला वाटलं, मासे धरायचे गळ घेतील. त्यांनी घेतलं डोळ्याला लावायचं भिंग. दाऊदमियाँ घड्याळवाल्यांच्या दुकानापुढे हा माणूस म्हणे वर्षानुवर्षं उभा राहत आला होता, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या रविवारी चिमटा, तिसऱ्या रविवारी बारीक पेचकस. चौथ्या रविवारी गजराचं एक बंद पडलेलं घड्याळ. "ये तो मुर्दा हाय, तुळशीरामभाई," दाऊदमियाँ म्हणाले, "पण घेऊन जा, हौस करा."

घरी पाटावर घड्याळ उघडलं गेलं. एकेक चाक एकेका करवंटीत. विडीवाचून भावजींचे हात थरथरायचे, भामाला भाकरी वाढतानाही दिसायचं. पण चिमटा हातात आला की थरथर थांबायची. पाचव्या आठवड्यात भामाने मला शाळेतून बोलावून नेलं. पाटावर घड्याळ चालत होतं आणि भावजी डोळे पुसत होते. मलाही भरून आलं. त्याहून खरं सांगायचं तर मला माझाच अभिमान वाटला.

इकडे उघाडीवर मात्र वेगळंच चाललं होतं. विडी नाही म्हणताना भावजींना वेळेचा भरवसा राहिला नाही. पाणी धोंड्याला लागलं की ते लगेच फळ्या टाकत. खारं पाणी येत नव्हतं, पण पावसाचं तुंबायला लागलं. भात पोटरीला आलेलं, बुडखे पाण्यात. देवळासमोर पुढच्या खाचराच्या शिवाने सगळ्यांच्या देखत त्यांना ऐकवलं, "विडी सोडलीस ती बरी केलीस. पण आमच्या भातानं तुजं काय वाकडं केलं? या उधाणाला लवकर टाकल्यास तर उघाडी दुसऱ्याला देऊ."

त्या संध्याकाळी भावजी घड्याळ काखेत घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, तीन विड्या म्हंजे किती मिनटं?"

आता माझी गोष्ट. मास्तर निर्व्यसनी, असा माझा लौकिक होता. भामा तर चारचौघींत माझं नाव घेऊन नवऱ्याला टोचायची. आणि मी रोज पोरं घरी गेल्यावर शाळेचं दार लावून विडी ओढत होतो. भावजींनी सोडली त्या सहा आठवड्यांतही ओढत होतो. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तसंच काढलं. दार लावलं, खिडक्या लावल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एकापाठोपाठ तीन ओढल्या. एकवीस मिनिटं झाली.

"एकवीस," मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "नीट मोजून आणलंय."

कुणी ओढल्या, कुठे ओढल्या, हे त्यांनी विचारलं नाही. मास्तरने मोजलंय एवढं त्यांना पुरे होतं.

अनंत चतुर्दशीला शाळेला सुट्टी होती. आदल्या दोन दिवसांत पाऊस कोसळलेला, शेतं काठोकाठ भरलेली. त्यात उधाणाची भरती. मी भावजींबरोबर उघाडीवर गेलो. वारा खाडीवरून सरळ तोंडावर येत होता आणि काठची तिवराची झाडं गावाकडे वाकली होती. उघाडीतून शेतातलं गढूळ पाणी जोरात बाहेर पडत होतं. भावजी घोंगडीच्या आडोशाला घड्याळ धरून बसले. धोंड्यावरून पाणी गेलं तेव्हा अकराला वीस कमी होते.

"अकरा वाजून एक मिनटाला फळी," भावजी म्हणाले.

पाच मिनिटं गेली. ते घड्याळाकडे बघत, मग पाण्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. आठव्या मिनिटाला त्यांचा हात कानावर गेला. पूर्वी तिथे विडी खोचलेली असायची.

"मास्तर, विडी हाय का तुज्याकडं?"

माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात अख्खं बंडल होतं. मी म्हणालो, "माझ्याकडे कुठून असणार?"

"कुणाकडून तरी आण. वडायला नको. बगायला पायजे."

"बघायला?"

"आज पाणी घाईत हाय. घड्याल काय घाईत नाय. विडी पेटवून बगतो, म्हंजे मला कलेल."

मला वाटलं, तलफ आली आणि निमित्त शोधतायत. पोरं खोटं बोलतात तेव्हा मला लगेच कळतं, असा माझा मोठा समज होता. मी त्यांना सहा आठवड्यांची आठवण दिली, डॉक्टरांची दिली, भामाच्या शपथेची दिली. बोलताना माझा हात खिशावर होता, बंडल दिसू नये म्हणून. भावजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तू मोजलंस ना?"

"मोजलं."

"नक्की एकवीस?"

"एकवीस."

"मग ठीक," म्हणाले आणि पुन्हा बसले.

वीस वर्षं त्यांनी त्याच दगडावर, त्याच वाऱ्यात विडी ओढली होती. वारा जोराचा असला की विडी भरभर जळते. आणि खाडीवरून तोच वारा सुटला की भरतीही लवकर वर चढते. विडीला दोन्ही कळत होतं. बंद खोलीत मोजलेल्या माझ्या एकवीस मिनिटांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी घड्याळाकडे बघत होतो आणि अजून आठ मिनिटं आहेत म्हणून निर्धास्त होतो.

बाहेर जाणारं पाणी थांबलं. क्षणभर ते उंबऱ्यावर नुसतं उभं राहिलं आणि मग आत वळलं.

भावजी उठले ते घोंगडी टाकूनच. पहिली फळी त्यांनी एकट्याने सोडली. दुसरी आम्ही दोघांनी लावली, तोवर पाण्याचा जोर वाढला होता. तिसरी अर्ध्यावर अडकली. पाण्याबरोबर आलेला लाकडाचा तुकडा खाचेत बसला होता. फळीखालून पाणी धबधब आत पडत होतं आणि पहिल्याच खाचरात, त्यांच्याच खाचरात, पसरत होतं. त्याच्यापुढे सगळ्या गावाचं भात उभं होतं.

"वरून दाबून धर," भावजी म्हणाले. "मी काडतो."

"भावजी, छाती—"

ते खाडीच्या बाजूने पाण्यात उतरले आणि खाली गेले.

मी फळीवर सगळा भार टाकून वाकलो. ते दिसत नव्हते. बांधावर ठेवलेलं घड्याळ तेवढं दिसत होतं. त्याचा सेकंदकाटा एक फेरी पुरी करत आला तरी ते वर आले नाहीत. भामाला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही येत नव्हतं. मग फळी एकदम माझ्या हाताखालून सुटली आणि धाडकन उंबऱ्यावर बसली. पाणी बंद झालं.

भावजी चार हात पलीकडे तिवराच्या मुळाला धरून वर आले. मी त्यांना ओढून बांधावर घेतलं. ते उताणे पडून श्वास घेत होते. खोकले, पण रक्त नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी याच माणसाला बांध चढवत नव्हता.

मी त्यांच्यावर वाकलो आणि माझ्या सदऱ्यातून काहीतरी खाली पडलं. विड्यांचं भिजलेलं बंडल त्यांच्या खांद्याशी पडलं होतं.

त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मी उचललं नाही. उचलून तरी काय करणार होतो?

"होती तर," ते म्हणाले.

"भावजी, मी..."

"त्या तीन कुटं वडल्यास?"

"शाळेत."

"बाहेर?"

"आत. दार लावून."

"दार लावून," ते हळूच म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

गावाचं भात वाचलं. खारं पाणी भावजींच्या खाचरापुढे गेलं नाही. शिवा दुपारी येऊन बघून गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "तुजं गेलं, पण आमचं राखलंस." भावजींनी त्याला माझ्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. भामालाही नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आदल्या दिवसाहून मोठं उधाण आणि वारा तसाच. भावजींनी सकाळीच निरोप धाडला: वही घेऊन ये. मी गेलो. भामा भाकरी घेऊन आधीच बांधावर येऊन बसली होती. मागे त्यांच्या खाचरातलं भात अजून हिरवंच दिसत होतं; पिवळं पडायला तीन-चार दिवस लागतात.

पाणी धोंड्यावरून गेलं. भावजींनी घड्याळ बघितलं आणि कनवटीचं बंडल काढून माझ्यापुढे धरलं. माझंच बंडल, चुलीजवळ रात्रभर वाळवलेलं.

"वड."

"भावजी, ताईसमोर नको."

"मला तर वडता येत नाय. शपथ हाय. आणि मोजायला तर पायजे."

भामा हसली. तिला ती थट्टा वाटली. "अवो, त्याला कुटं येतं वडायला," ती म्हणाली. "माजा भाव हाय तो."

मी विडी घेतली. भर वाऱ्यात ओंजळीचा आडोसा करून एका काडीत पेटवली. नवख्या माणसाला ते जमत नाही. भामाचं हसू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग मागच्या खाचराकडे, आणि तिला सगळं कळलं. भाकरीचं फडकं घडी करत बसली, उघडत आणि पुन्हा घडी करत.

एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. तेवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि एकही झुरका चुकवायची सोय नव्हती. तिसरीचं थोटूक मी पाण्यात टाकलं. पाणी उंबऱ्याखाली चार बोटांवर आलं होतं. भावजींनी तिन्ही फळ्या टाकल्या, हात पुसले आणि घड्याळ उचललं.

"तेरा," ते म्हणाले. "लिव, मास्तर. वाऱ्यात तेरा."

मी लिहिलं आणि वही मिटायला लागलो.

"थांब," भावजी म्हणाले. "खाली दुसरं पण लिव. दार लावून एकवीस."

भामा बघत होती. मी तेही लिहिलं.