मोजलेले मजले

नवऱ्याने नवा फोन आणला, तेव्हा जेवता जेवता त्याच्या गुणांची यादी ऐकवली होती. हवेच्या दाबावरून मजला सांगतो. पडला तर आपणहून घरी कळवतो. उंच इमारतींच्या काचा दोरावर लोंबकळत पुसणाऱ्या माणसाला आणखी काय हवे?

"भांडी घासतो का?" तिने विचारले होते. "नाही ना? मग नुसती थेरं."

"थेरं तर थेरं. मी किती वर पोचलो ते तुझ्या फोनवर दिसेल तरी."

"तेवढंच. संसारात कुठे पोचलात ते दिसतंच आहे."

आज दुपारी शिवणकारखान्यात ती काजे करत असताना फोन थरथरला. परक्या, इस्त्री केलेल्या भाषेत लिहिले होते : 'जोरदार आघातासह पतन आढळले.' त्याखाली मजला : शून्य. मघाशी तिथे अठरा होता.

तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला.

कापड बेतणारे मास्तर चष्मा नाकावर ओढत जवळ आले. "अगं, नुसता फोन पडला असेल. यंत्राला काय कळतंय, माणूस कोण नि डबा कोण?"

"चेनच्या खिशात असतो, मास्तर. खिसा मीच शिवलाय."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. शेजारची यंत्रे एकेक करून थांबली. शून्य तिने जन्मभर बटणासारखे पाहिले होते, गोल आणि निरुपद्रवी. आता ते विहिरीच्या तोंडासारखे उघडले होते, आणि आतून काहीच ऐकू येत नव्हते.

मग आकडा हलला. एक. चार. नऊ.

"लिफ्ट!" मास्तर म्हणाले. "वर चाललाय बघ. पडलेल्या माणसाला कुणी वर नेतं का?"

नाही नेत, तिच्या मनात आले. पण त्याचा फोन नेतात, मुकादमाला दाखवायला. हे तिने ओठांबाहेर येऊ दिले नाही. अठरावर आकडा थांबला.

फोन वाजला.

"अगं, तुझीच शिवण उसवली," तो हसत होता. "फोन वाळूच्या ढिगात पडला म्हणून वाचला. जोडीदार वर घेऊन आला. काच तेवढी तडकली. बघ, आहे की नाही कामाचा?"

"अहो, मग आता ठेवलाय कुठे?" तिने विचारले.

"शर्टाच्या आत खोचलाय आता. चल, अर्धी बाजू राहिलीय."

यंत्रे पुन्हा सुरू झाली. तिने फोन उलटा ठेवला, मग सुलटा केला. अठरा. काचा वरून खाली पुसत येतात, हे तिला लग्नापासून ठाऊक होते. आकडा सतरा झाला, तेव्हा तिचा पाय मशीनच्या पेडलवर टेकेना.

सोळा.