सलूनमधली खुर्ची आणि फुकटचे सल्ले

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. माझ्या पोटात तेलाचा पंप आहे. खालचा दांडा पायाने दाबला की मी वर जाते. नवी होते तेव्हा माझ्यावर बसायला लोक नंबर लावायचे. आता गादीला चिकटपट्ट्या आहेत, पण त्याचं मला काही वाटत नाही. मला किळस येते ती माणसांच्या तोंडांची. दिवसभर आरशात तीच तर पाहते मी!

आमचे मालक भारी मिश्किल. दाढी करताना अशी फिरकी घ्यायचे की गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, हसवू नका, वस्तरा आहे गळ्यावर!" मग त्यांचे वडील वारले. मालक माझ्यावर बसून ढसाढसा रडायचे. ते साहजिकच होतं. पण रोज फुकट पेपर वाचायला येणाऱ्या काकांना ते रडणं सोसेना. त्यांनी स्वतःच्या झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. "घे एक, गप्प पडून राहशील." काकांना पेपर शांतपणे वाचता यायला हवा ना! वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, त्या गोळ्या केसांच्या केरात टाकल्या आणि त्या मालकांच्या शेजारी बसून राहिल्या. हळूहळू मालक सावरले.

पुढे काही वर्षांनी, काहीही घडलं नसताना, मालक विझत गेले. या वेळी रडणंही नव्हतं. झोप उडाली, डबा भरलेला परत जाऊ लागला. एकदा एका गालाची दाढी झाली आणि दुसऱ्या गालापर्यंत हात उचलेचना. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी शिव्या देत निघून गेलं. मालकांनी मला आरशाकडे पाठ करून फिरवलं आणि ते माझ्यावर नुसते बसून राहिले.

आता मात्र सगळ्यांना औषधाचं वावडं! "कारण नाही, तर आजार कसला?" "सुखात आहेस, म्हणून सुचतंय हे." "मन घट्ट कर, जरा फिरून ये." काका म्हणाले, "डॉक्टरकडे गेलास तर लोक वेडा म्हणतील." मला थुंकता येत नाही, हे त्यांचं नशीब. वहिनीही चुकल्या. मागच्या वेळी शेजारी बसून भागलं होतं, म्हणून त्या याही वेळी बसूनच राहिल्या.

एका दुपारी कोपऱ्यातल्या बाकावर पडल्या पडल्या मालक पुटपुटले, "मी नसतो तर बरं झालं असतं." वहिनींच्या हातातला टॉवेल गळून पडला. नेमके तेव्हाच काका पेपर घेऊन माझ्यावर टेकले आणि मी भसकन खाली बसले.

"पंप गेला हिचा! मेकॅनिकला बोलवा लवकर!" काका ओरडले.

वहिनी गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. "मेकॅनिक कशाला, काका? तिला सांगा ना, मन घट्ट कर म्हणून. सांगा, जरा फिरून ये!"

वहिनींनी शटर ओढलं आणि मालकांचा हात धरून त्या थेट डॉक्टरकडे गेल्या.

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणंही सुरू झालं. माझा पंप मेकॅनिकने तासाभरात दुरुस्त केला, पण मालकांच्या बाबतीत जादू काही झाली नाही, बरेच महिने लागले. मग एके सकाळी मालकांनी गिऱ्हाइकाला विचारलं, "मागून किती कमी करू? का सगळंच उडवू?" काका लगेच म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो, मन घट्ट कर?" शी!

परवा शेजारच्या शिंप्याची बायको वारली. तो रडत आमच्याकडे आला, तर काका म्हणतात, "याला लगेच गोळ्या चालू करा." मालकांनी मला आरशाकडे पाठ करून फिरवलं, शिंप्याला बसवलं आणि स्टूल ओढून ते जवळ बसले. "रडून घ्या. मी आहे इथे. पण पुढे रडूही येईनासं झालं, जगणंच नकोसं वाटलं, तर लपवू नका. मी स्वतः डॉक्टरकडे नेईन."

मित्रांनो, कुठलं दुःख आणि कुठला आजार, हे तुम्हाला ओळखता येईलच असं नाही. ते डॉक्टरांना विचारा, काकांना नको. तुमचं कुणी खचून बसलं, तर निदान एका जुन्या खुर्चीची घेता तेवढी तरी काळजी त्याची घ्या.