डाव्या काचेखालचं अक्षर

दर वर्षी ऑगस्टातल्या एका शनिवारी अमेरिकेतल्या ओवोसो गावच्या जत्रेच्या मैदानात बंब येऊन उभा राहिला की आर्विला श्मिडलिन त्याच्याकडे पाठ फिरवायची. टी-टॉपच्या, म्हणजे छताच्या काचा निघणाऱ्या, गाड्या ओळीनं लावायच्या, ड्रायव्हरच्या सीटवर गावचा पेपर पसरायचा आणि बंबवाल्यांनी वरून पाच मिनिटं पाणी सोडायचं. ज्याचा पेपर कोरडा, तो जिंकला. आर्विलाचा पेपर आजवर एकदाही कोरडा निघाला नव्हता.

छताच्या मधोमध एक पट्टी आणि दोन्ही अंगांना एकेक काच. काचा काढून डिकीत ठेवल्या की डोक्यावर थेट आभाळ. असं छत ज्यांनी पाहिलं नाही त्यांची तरुणपणं फुकट गेली, असं आर्विलाचं मत होतं, आणि तिच्या मताला घरात कुणी हात लावत नसे. तिची गाडी कटलास, मरून रंगाची. धाकटी बहीण डोरीन हिची रीगल, रुपेरी. दोघींनी एकाच आठवड्यात, एकोणऐंशी साली घेतलेल्या. गाड्याही बहिणी-बहिणीच, अंगकाठी एक, नाकं वेगळी. आणि दोन्ही गळायच्या ड्रायव्हरच्या डाव्या खांद्यावर. एकोणचाळीस वर्षं डोरीन विचारायची, आंघोळ झाली का गाडीत? आणि आर्विला म्हणायची, तुझ्यात मासे पाळ.

पण यंदा प्रकरण थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. ईस्टरच्या जेवणाला, चौदा माणसांसमोर, मुलगी जोलीन म्हणाली होती की आई, वय काय तुझं, विक ती गाडी, टोलेडो शहरात गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. आर्विला तडकून बोलून गेली, यंदा पेपर भिजला तर दे तुझ्या त्या टोलेडोच्या माणसाला. आता बोललेला शब्द मागे घेणं तिच्या रक्तात नव्हतं. टोलेडोचा माणूस आला होता. नवे बूट घालून, गाडीभोवती फिरत होता, मेला, जणू ती त्याचीच.

सकाळी दोघी बहिणींनी काचा उतरवून डोरीनच्या गोधडीवर गवतात मांडल्या. रबराला व्हॅसलीन चोळायचं काम. चोळता चोळता आर्विलाच्या डाव्या काचेचं जुनं रबर कडेला सुटलं. खाली पिवळ्या खडूनं एक अक्षर होतं. लेलँडचं अक्षर, ते ती अंधारातसुद्धा ओळखेल. लेलँड तिचा नवरा, गाड्यांच्या कारखान्यात छतंच बसवायचा. गाड्या घरी आल्यावर त्यानं दोन्हींच्या काचा पुन्हा घासून, ज्या त्या गाडीच्या मापाला बसवल्या होत्या. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. अक्षर होतं डी.

डी म्हणजे डोरीन.

आर्विला गवतात फतकल मारून बसली. तिला आठवलं ते तळ्याकाठचं जेवण, ऐंशी सालचं. वीज कडाडली, दोघी काकडीचं सॅलड टाकून पळाल्या, हाताला आली ती काच ओढून बसवली. त्यानंतर काच निघाली की आपल्याच डिकीत जायची, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. लेलँड बिचारा दर वर्षी म्हणायचा, मी नीट बसवली होती गं. आणि ती म्हणायची, दिसतंय.

तिनं गुपचूप हात लांब केला आणि डोरीनची डावी काच उचलली.

“ठेव खाली,” डोरीन म्हणाली. “म्हातारपणी चोऱ्या करायला लागलीस?”

“तुझी नाहीये ती.”

“एकोणचाळीस वर्षं माझ्या डोक्यावर आहे बाई. माझा खांदा ओळखतो तिला.”

आर्विलानं मग दोन्ही काचांची रबरं सोलून दाखवली. एकीखाली डी, दुसरीखाली ए, आर्विलाचा. डोरीननं दोन्ही अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, आणि दोघी अशा हसत सुटल्या की शेजारच्या गाडीचा मालक काच पुसता पुसता थांबला.

“घाई तूच केलीस,” डोरीन डोळे पुसत म्हणाली.

“तू. सॅलड मी टाकलं, काच तू पळवलीस.”

काचा बदलून बसवल्या तेव्हा कटलासच्या छताचा खटका असा खट्ट करून लागला की आर्विलाच्या अंगावर काटा आला. नियम गाडी रिकामी ठेवायचा होता. ती आत जाऊन बसली. जोलीन ओरडत राहिली, बंबवाल्यांनी हात जोडले. तिनं पेपर मांडीवर पसरला आणि दाराची काच वर केली.

पाणी आदळलं. छतावर घोडे नाचावेत तसा आवाज. आर्विलानं डावा खांदा वर करून ठेवला होता, जन्माची सवय. एक मिनिट. दोन. खांद्यावर काहीच येईना. पाच मिनिटांनी ती खाली उतरली आणि कोरडा पेपर टोलेडोच्या माणसाच्या हातात दिला.

“जाताना वाचत जा,” ती म्हणाली. “सहाव्या पानावर विकायच्या गाड्या आहेत.”

डोरीनचाही पेपर कोरडा निघाला. बक्षीस अर्धं-अर्धं झालं, ते आर्विलाला तेवढं आवडलं नाही. काचा डिकीत ठेवण्याआधी डोरीननं पर्समधली लाल लिपस्टिक काढून आपल्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिलं.

आर्विलानं वाकून बघितलं. “एक ई कमी पडलाय,” ती म्हणाली, आणि लिपस्टिक हिसकावून स्वतःच्या काचेकडे वळली.